मी झाकलेले टिंब

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबी एक फूट. रंग एके काळी पिवळा होता, आता कडक चहासारखा झाला आहे. माझ्या अंगावरचा सातचा आकडा पार पुसला गेला आहे, त्यामुळे सहानंतर मी थेट आठ म्हणते. चार आणि पाचच्या मध्ये माझ्या कडेला एक खाच आहे. ती खाच तेवढी लक्षात ठेवा, कारण तिच्यावरूनच पुढे मी पकडली गेले.

माझ्या हातून एक चूक झाली होती. पट्टीला हात कुठून आले, असे तुम्ही विचाराल. चाळीस वर्षे मीसुद्धा स्वतःची अशीच समजूत घालत होते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. टेबलाची फळी कापून उरलेला तुकडा म्हणजे मी. सुताराने मला रंधा मारला, पॉलिश पेपरने घासले आणि एक डोळा मिटून माझ्याकडे असे काही निरखून पाहिले की मी लाजून आणखी सरळ झाले. मग तो बायकोला म्हणाला, "बघ, आपल्या घरात एक तरी सरळ निघालं." आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक.

तिथून मी एका छापखान्यात आले. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुमजली इमारत होती. खाली यंत्रे, वर छापलेला मजकूर तपासायची खोली. त्या काळी एकेका अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळी जुळवत. सगळीकडे शाईचा आणि रॉकेलचा वास. खालचे यंत्र सुरू झाले की वरचे टेबल थरथरत असे आणि मी त्याच्यावर पडल्या पडल्या हळूहळू कडेकडे सरकत असे. पहिल्याच आठवड्यात कागद कापायची सुरी माझ्यावर घसरली आणि ती खाच पडली.

वरच्या खोलीत गुरुजी बसत. ते निवृत्त शिक्षक होते. लेखकाने हाताने लिहिलेला मूळ कागद डावीकडे, छापून आलेला कच्चा कागद उजवीकडे, आणि दोन्ही ताडून चुका काढायच्या, हे त्यांचे काम. शुद्धलेखनाचा त्यांचा दरारा एवढा की खिळे जुळवणारी माणसे त्यांच्यासमोर जांभईसुद्धा ऱ्हस्व देत. गुरुजींची एक सवय होती. ते मला मूळ कागदावर ओळीच्या वर ठेवत. वाचून झालेल्या ओळी झाकून टाकायच्या, म्हणजे नजर मागे जात नाही. "झालं ते झालं, मागं बघायचं नाही," असे ते कागदाला बजावत.

आमच्या जातीला दोन बाजू असतात. आकड्यांची बाजू माणसांच्या चेहऱ्याकडे आणि कोरी बाजू अक्षरांवर. वर मी माणसे पाहते, खाली मजकूर वाचते. वर दुपारचे ऊन आणि खाली कुणाच्या तरी गोष्टीतला पाऊस, अशा दोन्हींच्या मध्ये मी पडून असते. मला तर कधी कधी कळतही नाही की यातले जागेपण कुठले आणि स्वप्न कुठले.

अशाच एका दुपारी एका तरुण लेखकाची पहिली कादंबरी टेबलावर आली. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या भावाबहिणीची साधी गोष्ट. आईवडील लवकर गेलेले, मोठी बहीण शिवणकाम करून धाकट्या भावाला वाढवते. पहिल्या पानावर एक ओळ होती: "या घराला चार भिंती आहेत आणि त्या चारही मला ओळखतात."

खाली खिळे जुळवताना "भिंती"मधले टिंब राहून गेले आणि कच्च्या कागदावर "भिती" असे उमटले. आता गुरुजी मूळ कागद पाहणार आणि चूक पकडणार, हे ठरलेलेच होते. पण त्याच क्षणी त्यांना शिंक आली. कोपर मला लागले, मी केसभर खाली घसरले. माझ्या कडेला शाई लागलेली होती. मूळ कागदावरच्या वेलांटीच्या डोक्यावरचे ते टिंब नेमके माझ्याखाली गेले. लेखकाने पेन दाबून दिलेले टिंब होते ते. मला त्याचा एवढासा खळगा जाणवला. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिले. तिथेही त्यांना "भिती" दिसले.

"अरेरे," ते म्हणाले, "हात चांगला आहे, पण शुद्धलेखन कच्चं." आणि त्यांनी लाल शाईने पहिल्या वेलांटीची दुसरी केली. भिती होते, तिथे झोकात भीती झाली.

मला ओरडायचे होते. पण पट्टीचा आवाज फक्त टेबलावर आपटल्यावर निघतो, आणि आपटणारे कुणी नव्हते. गुरुजींनी मला उचलले तेव्हा त्या शब्दावर शाईची एक जाड रेघ उमटली होती. कच्च्या शाईच्या अशा रेघा कागदावर पडतच, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिले नाही.

पुस्तक बाहेर आले. "या घराला चार भीती आहेत आणि त्या चारही मला ओळखतात." वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. पहिल्याच पानावर भीती भेटली म्हटल्यावर पुढचे सगळे घर लोकांना वेगळेच दिसू लागले. बहीण दाराला कडी लावते, तर का लावते? आतल्या खोलीत शिवणयंत्र चालते, तर कोण चालवते? त्या चार भीती कोणत्या, यावर लोकांनी लेख लिहिले. छापखान्याच्या मालकांनी दुसऱ्या आवृत्तीला काळे मुखपृष्ठ घातले आणि लेखकाला सांगितले, "आता असंच लिही. तुला हे जमतं." लेखक लिहीत गेला. पाहता पाहता तो मोठा भयकथाकार झाला. छापखान्यातले लोक त्याला प्रेमाने भुतंवाले काका म्हणू लागले.

मी मात्र अडगळीत गेले. गुरुजी गेले, शिशाचे खिळे गेले, संगणक आले. कुणी माझ्याने कागद चिकटवायची खळ ढवळली, कुणी पाठ खाजवली. शेवटी मला एका खिडकीच्या फटीत अडकवले, ती वाऱ्याने आपटू नये म्हणून. तिथे मी किती वर्षे काढली, मला सांगता येणार नाही. ऊन यायचे, जायचे. अर्धवट झोपेत मला वाटायचे की मी एका मोठ्या कोऱ्या कागदावर पडले आहे आणि माझ्याखाली एकच टिंब आहे.

मला तिथून सोडवले ताईंनी. ताई म्हणजे छापखान्याच्या नव्या मुद्रितशोधक. मजकुरातले एकही टिंब त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना टिंबताई म्हणत. त्यांनी खिडकीत पुठ्ठ्याची घडी घातली, मला साबणाने धुतले आणि पदराला पुसले. "कुणी गं तुला असं ठेवलं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला भरून आले.

ताईंची रीत गुरुजींच्या अगदी उलट होती. त्या मला ओळीच्या खाली ठेवत. पुढच्या ओळी झाकायच्या, समोरची एकच वाचायची. त्यामुळे पुढची ओळ मला आधी कळे आणि ताईंना नंतर. वीस वर्षे आम्ही असे शेजारी राहून पुस्तके वाचली. शाळेची, बागकामाची, तब्येतीची. भुताखेतांच्या वाटेला मात्र ताई कधी गेल्या नाहीत. लहानपणी त्यांच्या दादाने सांगितले होते की दारामागे कुणीतरी उभे असते. पन्नाशी उलटली तरी त्या खोलीत शिरताना आधी दारामागे डोकावत.

आणि एक दिवस धाकटे मालक वर आले. भुतंवाल्या काकांच्या अकराही कादंबऱ्यांचा नवा संच काढायचा होता. काकांची नजर जवळजवळ गेली होती, ती पूर्ण जायच्या आत संच त्यांच्या हातात द्यायचा होता.

"मला नाही जमायचं," ताई म्हणाल्या. "मला असलं आवडत नाही. आयुष्यात भीती काय कमी आहे, म्हणून ती पुस्तकातून काढून वाचायची?"

"तुम्हाला आवडून घ्यायला कोण सांगतंय?" मालक म्हणाले. "तुम्ही फक्त टिंबं बघा."

पहिल्या कादंबरीची चांगली प्रत सापडत नव्हती, म्हणून ती शेवटी यायची होती. ताईंनी दुसरीपासून सुरुवात केली. टेबल खिडकीशी ओढले. ठरवून टाकले की सकाळी नऊ ते दुपारी चार, भरपूर उजेडात, तेवढेच वाचायचे.

ती एका लिफ्टची गोष्ट होती. इमारतीला मजले पाच आणि लिफ्टमध्ये बटणे सहा. ताईंनी पहिल्याच पानावर एक युक्ती काढली. त्या पान शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, उलटे वाचू लागल्या. तपासनीस लोक कधी कधी असे करतात. चुका दिसतात, अर्थ लागत नाही. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. ताईंनी उलटे वाचल्यामुळे ते बिचारे सुलट चालू लागले आणि कुणालाच घाबरवू शकले नाही.

पण अर्थ हा मोठा हट्टी असतो. चाळिसाव्या पानावर ताईंना राहवेना. सहावे बटण कुणी दाबले, ते त्यांना कळायलाच हवे होते. त्यांनी मान वळवून दारामागे पाहिले, मला ओळीखाली घट्ट धरले आणि सुलट वाचायला लागल्या. त्यांचा अंगठा माझ्या आठवर रुतला होता. पुढची ओळ माझ्याखाली होती. "घाबरू नका ताई," मी म्हणत होते, "पुढे नुसता रिकामा जिना आहे." त्यांना ऐकू गेले नसेल. तरी त्यांनी मला हळूच खाली सरकवले आणि सुस्कारा सोडला.

मग वर्षभर आम्ही त्या पुस्तकांतून हिंडलो. एका फोटोग्राफरच्या प्रत्येक फोटोत एक माणूस जास्त येई. एक विहीर हाक मारायच्या आधीच ओ देत असे. ऐन दुपारी ताई कागदांवर डोके टेकून डुलकी घेत, तेव्हा त्यांच्या श्वासाने पाने हलत आणि मला वाटे की विहीर, लिफ्ट, फोटोतला जास्तीचा माणूस, सगळे या उन्हात येऊन शांतपणे बसले आहेत. कुणालाच कुणाचे भय नाही.

ताईंना ती पुस्तके आवडली, असे मी म्हणणार नाही. समासात त्या बेधडक लिहीत, "इथे रक्त उगाच आहे." फोटोग्राफरच्या गोष्टीनंतर चार दिवस त्यांनी आरशात बघून केस विंचरले नाहीत. पण एक भूत त्यांना फार आवडले. उसनी नेलेली छत्री परत करायला ते दारोदार फिरते आणि कुणी दारच उघडत नाही. ते पान वाचून ताईंनी मला खाली ठेवले आणि बराच वेळ डोळे पुसले.

तपासताना त्या एक चिठ्ठी जवळ ठेवत. पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये तिच्यावर टिपून ठेवायची त्यांची पद्धत होती. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी चिठ्ठीवर एक वाक्य आले. चौथ्यातही तेच. गोष्ट अगदी भयंकर झाली, आता पळायला वाट नाही असे वाटले, की कुठलीतरी मोठी बहीण, आत्या किंवा शेजारीण दारात येऊन म्हणते, "हात धू आणि बस." आणि ताट पुढे येते. भूत असो की माणूस, त्यानंतर कुणी कुणाला काही करत नाही. दहाही पुस्तकांत हे वाक्य होते. ताई आता त्या वाक्याची वाट पाहत वाचू लागल्या.

शेवटी पहिली कादंबरी आली. पहिल्याच पानावर ताई थांबल्या. ती ओळ सगळ्या भयकथाप्रेमींना पाठ होती. ताईंना नव्हती, कारण त्या कधी त्या वाटेला गेल्याच नव्हत्या. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली आणि समासात लिहिले, "भीतीचे असे अनेकवचन होते का? की टिंब गेले?"

मी टेबलावर पडले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारले होते.

मालक ऐकूनच दचकले. "ताई, त्या ओळीला हात लावू नका. लोक ती अंगावरच्या कपड्यांवर छापून हिंडतात. मूळ कागदावर टिंब असेल तर दाखवा, नाहीतर सोमवारी आहे तसं छापायला जाईल."

दुसऱ्या दिवशी ताई मला पिशवीत घालून काकांच्या घरी गेल्या. काका खिडकीशी बसले होते, उजेडाकडे तोंड करून. भयकथाकार म्हणून मी कुणी उग्र माणूस मनाशी धरला होता. हे तर लोकरी टोपी घातलेले, चहा बशीत ओतून पिणारे गृहस्थ निघाले.

"माझी पुस्तकं वाचताना भीती वाटली का?" त्यांनी विचारले.

"वाटली. आवडली नाही," ताई म्हणाल्या.

काका मनापासून हसले. "मलाही आवडत नाही. लिहिताना मीच घाबरायचो. मग अक्काला आणून दारात उभी करायचो. ती 'हात धू आणि बस' म्हणाली की मला पुढचं पान लिहिता यायचं."

मग ताईंनी ती शंका वाचून दाखवली. काकांच्या हातातली बशी थांबली.

ते सावकाश बोलू लागले. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. तिच्यासाठीच पहिले पुस्तक लिहिले होते. पहिली प्रत तिच्याच हातात दिली. ती पहिल्या पानावरच्या त्या ओळीपाशी थांबली आणि तिने पुस्तक मिटले. "मी उभं केलेलं घर तुला भीतीचं वाटलं?" एवढेच म्हणाली. टिंब राहिले, चूक झाली, असे काकांनी परोपरीने सांगितले. मूळ कागद नेऊन दाखवला. त्याच्यावर टिंब नव्हते, नुसती शाईची रेघ होती. तेव्हापासून अक्का सगळे बोलते, तब्येत विचारते, डबा पाठवते. पुस्तकाचे नाव काढत नाही. अकरांतले एकही तिने वाचलेले नाही.

"आणि खरं सांगू?" काका म्हणाले. "आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. लहानपणी त्या घरात मी खूप घाबरायचो. कदाचित टिंब मी दिलंच नसेल. कदाचित हात खरं बोलून गेला असेल. अक्का शहात्तरची झाली. ती गेली तर हे असंच राहील."

त्यांनी पेटीतून मूळ कागद काढून दिला. चाळीस वर्षांनी मी तो पुन्हा पाहिला. ताईंनी त्या रेघेकडे निरखून पाहिले. रेघ सलग नव्हती. एके ठिकाणी तिच्यात छोटीशी फट होती. ताईंनी मला पिशवीतून काढले, माझ्या खाचेवरून बोट फिरवले आणि मला त्या रेघेवर ठेवले. फट आणि खाच तंतोतंत जुळली.

पकडली गेले मी. पण मित्रांनो, एवढे हलके मला कधीच वाटले नव्हते.

"ही पट्टी होती इथं," ताई म्हणाल्या. "हिच्याखाली काहीतरी झाकलं गेलं." कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, तिरका धरला, भिंग लावले. शाई फार जाड होती. काही दिसेना.

"तरी अक्कांना दाखवू," ताई म्हणाल्या. काका कपडे बदलायला उठले.

रविवारची सकाळ होती. अक्कांचे घर तेच, दोन खोल्यांचे. खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्यावर फुलांचे आवरण, शेजारी डब्यात रंगीत दोऱ्यांची रिळे. चारही भिंतींना नुकताच फिकट पिवळा रंग दिलेला. अक्का दारातच उभ्या होत्या. पासष्ट वर्षांच्या भावाकडे पाहून त्या म्हणाल्या, "आलास? हात धू आणि बस."

ताई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"या बाईंना काय झालं?" अक्कांनी विचारले.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "तुम्हाला मी दहा वेळा वाचलंय."

अक्कांना ते कळले नाही. पण कागद पाहताच त्यांचा चेहरा आक्रसला. "पुन्हा तोच? बघितलाय मी तो."

ताईंनी मला रेघेवर ठेवून खाच दाखवली आणि पट्टी कशी घसरली असेल ते सांगितले. अक्कांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "काहीतरी झाकलं गेलं, हे समजलं. पण काय झाकलं गेलं?"

ताई पिशवीत भिंग शोधू लागल्या. काका ओले हात मांडीवर ठेवून बसलेले. मी कागदावर पडून होते आणि माझ्याखाली तो एवढासा खळगा मला स्पष्ट जाणवत होता. आयुष्यभर मी पुढची ओळ गपचूप वाचत आले, पण बोलता यावे असे तेव्हा जितके वाटले, तितके कधीच वाटले नव्हते.

अक्कांनी मला बाजूला केले. "सात कुठंय हिचा?" म्हणाल्या. मग कागद हातात घेतला आणि, साठ वर्षे कापड हाताळलेल्या माणसाच्या सवयीने, तो उलटा केला. शिवण तपासताना जसा फिरवतात तसा मागच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला. अंगठा एका जागी थांबला.

"इथं गाठ आहे," त्या म्हणाल्या.

अक्कांनी भावाचे बोट धरले आणि कागदाच्या मागे त्या जागेवर टेकवले. पेन दाबून दिलेल्या टिंबाचा उंचवटा, मोहरीएवढासुद्धा नसेल. काकांचे बोट तिथे टेकले आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"ही तुझी गाठ का रे?"

"माझीच, अक्का. मी दिलं होतं. टिंब मी दिलं होतं."

"मग मागून बघ म्हणून सांगायचं नाही का?" अक्का रागावून म्हणाल्या आणि रागावता रागावताच रडू लागल्या. "मी तरी काय! सगळा जन्म लोकांचे कपडे उलटे करून बघितले. हा एक कागद तेवढा सुलटाच बघत बसले."

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. "आणा ते पुस्तक. वाचते मी. पण बाकीची दहा नकोत हं. मला भूतबीत सहन होत नाही."

"मलाही नाही," काका म्हणाले.

"मलाही नाही," ताई म्हणाल्या. आणि तिघेही हसत सुटले.

सोमवारी टिंब आपल्या जागी जाऊन बसले. मालकांनी मूळ कागदाच्या पाठीवरून स्वतः बोट फिरवून पाहिले आणि सही केली. संच निघाला. पाठोपाठ एका वाचकाचे संतापलेले पत्र आले: "नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर गंभीर मुद्रणदोष आहे. एक अनावश्यक टिंब पडले आहे." ताईंनी ते पत्र जपून ठेवले आहे.

अक्कांची नजर आता अधू झाली आहे, ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून ताई मला इथेच ठेवून गेल्या. इतक्या वर्षांची सोबत सोडताना मला वाईट वाटले, पण माझी जागा इथेच होती. अक्का रोज सकाळी यंत्राशेजारी बसतात, चष्मा लावतात, मला ओळीच्या खाली धरतात आणि एक पान वाचतात. फार हळू वाचतात. मध्येच थांबून भिंतीकडे पाहतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तू तुमच्या टेबलावर पडलेल्या असतात. त्यांना हलक्या हाताने धरा, जागच्या जागी ठेवा. त्यांच्याखाली काय झाकले जाईल, सांगता येत नाही. आणि तुमच्या घरात कुणी एका ओळीवर पुस्तक मिटून बसले असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. एकदा पान उलटून मागूनही हात फिरवून बघा.

आज आम्ही सदुसष्टाव्या पानावर आहोत. गोष्टीतला छोटा भाऊ खूप घाबरून धावत घरी आला आहे आणि दार बंद आहे. अक्कांचा अंगठा माझ्या आठवर रुतला आहे. पुढची ओळ माझ्याखाली आहे. तिच्यात दार उघडते, आणि मोठी बहीण म्हणते, "हात धू आणि बस." अक्कांना ते अजून माहीत नाही. आता त्या मला खाली सरकवतील.